प्राणिज ऊतींच्या हृदयझडपा आणि जन्मजात हृदयविकार : टिकाऊपणाच्या प्रश्नाचा इतिहास (घुग्घुस परिसराच्या विशेष संदर्भात)

वर्धा नदीच्या काठावरील घुग्घुस हे चंद्रपूर जिल्ह्यातील कोळसा, सिमेंट आणि लोखंड यांवर वाढलेले औद्योगिक गाव होय. वेकोलिच्या खाणी व कारखाने यांमुळे येथे अनेक प्रांतांतील श्रमिक कुटुंबे स्थिरावली. अशा कुटुंबातील बालकाच्या हृदयात जन्मतः दोष आढळल्यास त्याच्या शस्त्रक्रियेसाठी सर्वसाधारणपणे नागपूर किंवा मुंबई गाठावी लागते. ही वारी एकदाच करावी लागेल की आयुष्यभर पुनःपुन्हा, हे पुष्कळ वेळा एका छोट्या वस्तूवर अवलंबून असते. ती म्हणजे बालकाच्या हृदयात बसविलेली झडप. डुकराच्या किंवा गाईगुरांच्या ऊतींपासून केलेली ही झडप किती वर्षे टिकते, या प्रश्नाला सहा दशकांचा इतिहास आहे. त्या इतिहासात बालरुग्ण मात्र कायम मागाहून विचारात घेतला गेला, असे दिसते.

जन्मजात हृदयविकारावरील शस्त्रक्रियेच्या आरंभी झडपेचा प्रश्न फारसा कोणाला जाणवला नव्हता. १९४४ मध्ये बाल्टिमोर येथे ब्लॅलॉक व टॉसिग यांनी निळ्या पडणाऱ्या बालकांच्या फुप्फुसांकडे अधिक रक्त वळविण्याची शस्त्रक्रिया सुरू केली. १९५४ मध्ये मिनियापोलिस येथे लिलेहाय यांनी ‘फॅलोचा चतुष्क’ या विकाराची आतून दुरुस्ती केली. या विकारात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. छिद्र बुजवायचे व अरुंद वाट ठिगळ लावून रुंद करायची, असे या दुरुस्तीचे स्वरूप होते. ठिगळ लावताना फुप्फुस धमनीची झडप बहुधा निकामी होई. तथापि उजव्या बाजूला रक्ताचा दाब कमी असल्याने झडपेविना भागते, अशी तेव्हाची धारणा होती. मुले बरी होऊन घरी जात, शाळेत जात, खेळत. त्यामुळे ती धारणा खरीही वाटे. पुढे दोन-तीन दशकांनी हीच मुले तरुण झाली, तेव्हा रक्त सतत मागे परतल्याने त्यांच्या हृदयाचा उजवा कप्पा ताणला गेल्याचे आढळू लागले. बालपणी वाचलेल्या रुग्णाला तारुण्यात झडप बसविणे क्रमप्राप्त झाले. एका शस्त्रक्रियेच्या यशातूनच दुसऱ्या शस्त्रक्रियेची गरज निर्माण झाली.

झडप आणायची कोठून? १९६२ मध्ये लंडन येथे डोनाल्ड रॉस व ऑकलंड येथे बॅरट-बॉइस यांनी मृत मानवी दात्याची झडप वापरली. १९६६ मध्ये रॉस यांनीच अशी झडप फुप्फुस धमनीची वाट बंद असलेल्या बालकासाठी योजिली. मानवी झडप उत्तम ठरली. परंतु तिचा पुरवठा दात्यांवर अवलंबून राहिला आणि लहान बालकाला बसेल अशा आकाराची झडप तर दुर्मीळच होती. प्राण्यांकडे वळण्याचे कारण हेच.

१९६५ मध्ये पॅरिस येथे बिने, कार्पांतिये व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्याची झडप मानवी हृदयात बसविली. या पहिल्या झडपा लवकर निकामी झाल्या, कारण शरीराने त्या परक्या म्हणून ओळखल्या. कार्पांतिये यांनी यावर ग्लुटाराल्डिहाइड या रसायनाचा उपाय शोधला आणि १९६८ पासून अशा झडपा रुग्णांत वापरल्या जाऊ लागल्या. ग्लुटाराल्डिहाइड हे चामडे कमावण्याच्या उद्योगातही वापरले जाते. झडपेच्या बाबतीत ते तेच काम करते : कोलॅजेनचे धागे एकमेकांशी घट्ट बांधते, कुजण्याची क्रिया थांबविते आणि ऊतीची परकी ओळख बरीचशी झाकते. थोडक्यात, रुग्णाच्या छातीत बसते ती जिवंत झडप नव्हे, तर कमावलेले अतिशय तलम कातडे. कार्पांतिये यांनी तिला ‘बायोप्रोस्थेसिस’ हे नाव दिले. योगायोगाने १९६८ च्याच फेब्रुवारीत मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले होते. रुग्ण काही तासच जगला. परक्या ऊतीचा शरीराकडून होणारा अव्हेर हा त्या काळी पॅरिस व मुंबई या दोहोंपुढचा समान पेच होता.

१९७० च्या दशकात डुकराच्या झडपा आणि गाईगुरांच्या हृदयावरणापासून घडविलेल्या झडपा बाजारात आल्या. प्रौढ रुग्णांत त्या दहा-पंधरा वर्षे टिकू लागल्या. शिवाय त्यांच्यासोबत रक्त न गोठू देणारी गोळी आजन्म घ्यावी लागत नसे. साहजिकच त्या मुलांतही वापरल्या गेल्या. दशक संपता संपता निराळेच चित्र समोर आले. मुलांच्या हृदयाच्या डाव्या बाजूला बसविलेल्या झडपा काही वर्षांतच कॅल्शियम साचून दगडासारख्या कठीण होत होत्या.

याची कारणे पुढे उलगडली. ऊतीतील मृत पेशींच्या आवरणातील स्निग्धद्रव्ये आणि ग्लुटाराल्डिहाइडचे उरलेले अंश कॅल्शियमला धरून ठेवतात. वाढत्या वयात हाडे बांधण्यासाठी शरीरात कॅल्शियम व फॉस्फरसची उलाढाल जोरात चालू असते आणि रोगप्रतिकारक्षमताही तल्लख असते. म्हणजे ज्या गुणांमुळे बालक वाढते, तेच गुण झडपेला मारक ठरतात. त्यात झडप स्वतः वाढत नाही. सहा वर्षांच्या मुलाला बसविलेली झडप सोळाव्या वर्षी धड असली तरी अपुरी पडते. फुप्फुस धमनीच्या जागी दाब कमी असल्याने ती तुलनेने अधिक टिकते, पण अर्भकांत तेथेही तिचे आयुष्य अल्पच असते. १९९९ पासून गोवंशाच्या मानेतील शिरेचा, तिच्यातील नैसर्गिक झडपेसह, नळीसारखा वापर होऊ लागला. लहान आकारात उपलब्ध असल्याने तिने बालशल्यचिकित्सेची मोठी अडचण दूर केली. मात्र तिच्यात जंतुसंसर्गाचा धोका अधिक असल्याचे पुढे दिसून आले.

टिकाऊपणाच्या शोधातील सर्वांत वेदनादायक प्रसंग व्हिएन्ना येथील आहे. प्राणिज ऊतीतील सर्व पेशी धुऊन काढल्या, तर उरलेल्या सांगाड्यात रुग्णाच्याच पेशी वस्ती करतील आणि झडप जिवंत होऊन वाढेल, अशी कल्पना होती. मेंढ्यांवरील प्रयोग आशादायक होते. चार मुलांना अशा डुकराच्या झडपा बसविण्यात आल्या. त्यांपैकी तीन मुले दगावली. चौथ्या मुलाची झडप संकट ओळखून तातडीने काढण्यात आली. २००३ मध्ये शल्यचिकित्सकांनी हे अपयश स्वतःच प्रसिद्ध केले. वैद्यकाच्या इतिहासात यशाचे अहवाल मुबलक आढळतात. असा अहवाल लिहिण्याचे धैर्य विरळा, आणि त्यामुळे पुढील अनेक मुले वाचली असतील.

भारताने या प्रश्नाला दिलेले उत्तर वेगळे होते. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि १९९० मध्ये प्रथम बसविली गेलेली स्वदेशी झडप प्राणिज नसून यांत्रिक होती. संधिवातजन्य हृदयविकाराने तरुण वयातच झडपा गमावणाऱ्या रुग्णांचा हा देश लक्षात घेता ही निवड योग्यच म्हणावी लागेल. यांत्रिक झडप झिजत नाही. पण ती आजन्म वॉरफरिनसारख्या औषधाशी बांधून टाकते. मात्रा कमी पडली तर झडपेवर रक्त गोठते, अधिक झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. घुग्घुसमधील रुग्णास ती चंद्रपुरात तरी करता येईल. गडचिरोलीच्या एटापल्ली किंवा भामरागड तालुक्यातील पाड्यावर, पावसाळ्यात नाल्यांना पूर आला असता, हेच पथ्य जिवावर बेतू शकते. मुलींच्या बाबतीत अडचण दुहेरी आहे. वॉरफरिन गर्भाला अपायकारक असल्याने त्यांच्यासाठी पुष्कळदा प्राणिज झडपेचा विचार होतो, आणि नेमक्या त्याच तरुण वयात ती लवकर निकामी होते.

या प्रदेशाचे आणखी एक वैशिष्ट्य पाश्चात्त्य ग्रंथांत सहसा विचारात घेतले जात नाही. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद केली. चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यात हा दोष आजही लक्षणीय प्रमाणात आढळतो. हृदय-फुप्फुस यंत्रावर रुग्णाचे शरीर थंड केले जाते. प्राणवायूची कमतरता किंवा रक्तातील आम्लता वाढल्यास सिकलसेलग्रस्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व रक्तवाहिन्या तुंबतात. यासाठी आधी रक्त बदलण्यासारखी तयारी करावी लागते. प्रत्येक पुनर्शस्त्रक्रियेत हा धोका नव्याने पत्करावा लागतो. म्हणजेच झडपेचे आयुष्य पाच वर्षे की पंधरा, हा फरक येथे लंडन-पॅरिसपेक्षा अधिक महागात पडतो.

पुनर्शस्त्रक्रिया टाळण्याचा एक मार्ग २००० मध्ये खुला झाला. बॉनहॉफर यांनी पॅरिस येथे बारा वर्षांच्या मुलात जुन्या निकामी नळीच्या आत, छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नवी झडप बसविली. तीही गोवंशाच्या शिरेचीच होती. त्यामुळे ऊती अमर झाली नाही, परंतु तिच्या मरणाची किंमत कमी झाली. मात्र अशा झडपेचा खर्च कित्येक लाखांत जातो.

खर्चाच्या बाजूने महाराष्ट्रात प्रगती झाली, हे मान्य करावे लागेल. १९९७ च्या जीवनदायी आरोग्य योजनेनंतर २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आली. तिच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता, तर चंद्रपूर २०१३ च्या दुसऱ्या टप्प्यात समाविष्ट झाला. २०१७ मध्ये ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. कुटुंबामागे वार्षिक दीड लाख रुपयांची मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने पाच लाखांवर नेण्यात आली. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमामुळे अंगणवाडी व शाळांतील तपासणीत हृदयदोष वेळेवर सापडू लागले.

परंतु या कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षांची आहे. बालपणी फॅलोच्या चतुष्काची दुरुस्ती झालेल्या मुलास झडपेची, किंवा आधी बसविलेल्या झडपेच्या बदलाची, गरज बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत भासते. तोवर तो शाळेच्या तपासणीतून सुटलेला असतो, खाणीत किंवा कारखान्यात कामाला लागलेला असतो, आणि थकवा हा श्रमाचाच भाग समजतो. जुन्या झडपेत नवी झडप बसवायची तर पहिलीचा प्रकार व व्यास चिकित्सकास ठाऊक असावा लागतो. ही माहिती शस्त्रक्रियेनंतर घरी जाताना मिळालेल्या कार्डावर असते, आणि पंधरा वर्षांनी ते कार्ड घरात सापडेलच असे नाही.