दुसरे महायुद्ध : राजकीय व आर्थिक कारणे

दुसऱ्या महायुद्धाचे (१९३९–४५) मूळ सामान्यतः व्हर्सायच्या तहात (१९१९) शोधले जाते. या तहाने जर्मनीचे सैन्य एक लाखावर आणले. १९२१ मध्ये नुकसानभरपाई १३२ अब्ज सुवर्ण मार्क ठरली. या भरपाईपोटी द्यायचा पुरवठा थकताच फ्रान्स व बेल्जियमने जानेवारी १९२३ मध्ये रूरचे कोळसाक्षेत्र व्यापले. त्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले आणि मध्यमवर्गाची आयुष्यभराची बचत मातीमोल झाली.

तरीही सारा दोष तहाला देणे योग्य नाही. १९२४ नंतर अमेरिकी कर्जांच्या आधाराने जर्मनी सावरत होता. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला जेमतेम २.६ टक्के मते मिळाली. खरा घाव १९२९ च्या मंदीने घातला. कर्जे आटली, १९३२ च्या प्रारंभी बेकार साठ लाखांवर गेले आणि जुलैत याच पक्षाने ३७ टक्के मते मिळविली. सत्तेवर आल्यावर या पक्षाचा नेता हिटलर याने शस्त्रनिर्मितीला जुंपलेल्या अर्थव्यवस्थेला लोहखनिज, तेल व परकीय चलन अपुरे पडू लागले. पूर्वेकडील भूमी बळकावण्याच्या त्याच्या वंशवादी ध्येयाला या टंचाईने घाई लावली.

आशियात कच्च्या मालाच्या हव्यासाने जपानने १९३१ मध्ये मांचुरिया घेतला. राष्ट्रसंघ तेथेही, इटलीने आक्रमण केलेल्या इथिओपियातही (१९३५) हतबल ठरला. म्यूनिक येथे (१९३८) ब्रिटन-फ्रान्सने हिटलरपुढे चेकोस्लोव्हाकियाचा बळी दिला, ही या काळातील सर्वांत लाजिरवाणी तडजोड होय. २३ ऑगस्ट १९३९ च्या जर्मन-सोव्हिएट अनाक्रमण करारामुळे सोव्हिएट विरोधाची भीती सरली. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पोलंडमध्ये शिरल्या.