शिवनाथचे पाणी आणि गळ टाकणारे

भिलाईचा इतिहास सांगावयाचा म्हणजे आरंभ लोखंडापासून व्हावयाचा, हे ठरूनच गेले आहे. २ फेब्रुवारी १९५५ चा भारत-सोव्हिएत करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालेले पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन, या तारखा आपल्या मुलाबाळांनाही पाठ आहेत. येथील पाण्याचा इतिहास मात्र आम्ही कोठे वाचल्याचे आठवत नाही. तो ज्यांच्या तोंडी आहे असे लोक दोनच प्रकारचे: नदीकाठचे केवट आणि निषाद, व सुट्टीच्या दिवशी गळ आणि कणकेच्या गोळ्या घेऊन त्यांच्या शेजारी बसणारी आपल्यातील काही मंडळी. या दुसऱ्या वर्गाची चेष्टा मंडळाच्या प्रत्येक कोजागिरीला होत आली आहे. त्यांची तक्रार मात्र कोणी मनावर घेतली नाही.

भिलाई दोन नद्यांच्या मध्ये वसली आहे. पश्चिमेस दुर्गजवळून शिवनाथ वाहते, पूर्वेस रायपूरच्या अलीकडे खारून. पुढे सोमनाथपाशी खारून शिवनाथला मिळते आणि ते सारे पाणी महानदीत जाते. शिवनाथचा उगम पानाबरसच्या डोंगराळ मुलखात, आपल्या गडचिरोलीच्या सीमेपासून फार दूर नव्हे. परंतु आपल्या वसाहतीच्या नळाला येणारे पाणी या नद्यांचे नाही. भाताच्या शेतीसाठी विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या तांदुळा धरणाचे पाणी कालव्याने मरोदाच्या तलावात येते व तेथून घरोघर पोचते. गंगरेलचा आधार पुढे मिळाला. नळाचे पाणी दुरून येत असल्यामुळे जवळची नदी कशी आहे, हे आपल्याला कळण्याचे कारणच उरले नाही. दुर्ग शहर शिवनाथचेच पाणी पिते, तेव्हा तेथील माणसाला नदीची खबर असते. आपल्याकडे ती खबर केवळ गळ टाकणाऱ्यांनी आणली.

ती खबर प्रथम चवीची होती. शिजवलेल्या रोहूला कधी कधी औषधी वास येतो, अशी कुरकुर स्वयंपाकघरांतून ऐकू येई आणि ती गृहिणीच्या मसाल्यावर ढकलली जाई. वस्तुतः अशा वासाचे एक कारण रसायनशास्त्राला ठाऊक आहे. पोलादासाठी कोक लागतो. हवेवाचून कोळसा भाजला की वायू निघतो आणि तो थंड करून धुतला की त्या पाण्यात अमोनिया, फिनॉल व सायनाइड उतरतात. फिनॉल म्हणजे जुन्या कार्बोलिक साबणातील तेच द्रव्य. ते अत्यल्प असले तरी माशाच्या मांसात मुरते आणि मासा जिवंत, टवटवीत दिसत असताना त्याची चव बिघडवते. हे सांडपाणी जिवाणूंकडून शुद्ध करून घेण्याची रीत आहे. परंतु विषाचा लोंढा अकस्मात वाढला तर ते जिवाणूच मरतात. सायनाइडचे तर लिटरमागे मिलिग्रॅमचा काही अंशही माशाला पुरेसा होतो. प्रत्येक वासाचा उगम कारखान्यात असतो असे नव्हे. गावोगावचे मैलापाणी, शेतातील औषधे, मद्यनिर्मितीचा मळी-द्राव हे सारे त्याच पात्रात येते. मळी-द्राव पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतो. पहाटेच्या सुमारास तो वायू सर्वांत कमी असतो, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. पहाटे गळ टाकणाऱ्याला हे दिसते. दहा वाजता नमुना घेणाऱ्याला दिसेलच असे नाही.

इंग्लंडात हेच दुःख न्यायालयापर्यंत गेले. १९४८ साली तेथील गळवाल्यांनी प्रदूषणाविरुद्ध दावे लढविण्यासाठी एक सहकारी संस्था काढली. डर्बी गावच्या एका मासेमारी मंडळाने डरवेंट नदी नासविल्याबद्दल कृत्रिम रेशमाची कंपनी, खुद्द नगरपालिका आणि ऊन पाणी सोडणारे वीज मंडळ, अशा तिघांवर फिर्याद केली आणि १९५२ साली मनाईहुकूम मिळविला; तो अपिलातही टिकला. त्यांना हे साधले, कारण नदीकाठच्या मासेमारीचा हक्क तेथे खाजगी मालमत्ता आहे. आपला १८९७ चा मत्स्य कायदा मासे पकडण्याच्या वा मारण्याच्या हेतूने पाण्यात विष कालविणाऱ्यास शिक्षा सांगतो. हेतू नसता विष सोडणारा त्याच्या कक्षेत येत नव्हता! जल प्रदूषणाचा स्वतंत्र कायदा व्हावयास १९७४ साल उजाडले.

नदीवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्या दारातही आला. बोरई औद्योगिक क्षेत्राला पाणी पुरविण्यासाठी १९९८ साली शिवनाथचा सुमारे २३ किलोमीटरचा टप्पा बावीस वर्षांच्या कराराने रेडियस वॉटर या कंपनीकडे सोपविण्यात आला. काठच्या गावांतील लोकांना मासे धरण्यास व नदीवर उतरण्यास अटकाव झाला, तेव्हा मोठा गदारोळ उठला. तोवर १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले होते, आणि हा करार नव्या राज्याला वारशाने मिळाला. पाणी विकता येते, परंतु ते कोणी नासवले हे विचारण्याचा अधिकार कोणाचा, याचे उत्तर त्या वादात मिळाले नाही, असे आम्हांस वाटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांत छत्तीसगढचे पाच होते आणि शिवनाथ व खारून या दोन्हींची नावे त्यांत होती. २०२४ साली मुंगेली जिल्ह्यात धूमा परिसरात शिवनाथमध्ये मासे मोठ्या संख्येने मेले, एका मद्यनिर्मिती कारखान्याच्या सांडपाण्याकडे बोट दाखविले गेले आणि उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. मेलेले मासे निदान दिसतात. जे मरत नाहीत, आणि ज्यांच्या मांसात शिसे किंवा पारा वर्षानुवर्षे साठत जातो, त्यांना वासही नसतो व चवही बिघडत नाही. गाळात चरणारे टेंगना नि बामी, म्हणजे आपले शिंगटी व वाम, यांच्याविषयी आमच्या जुन्या मंडळींना धास्ती वाटते ती यामुळेच. तपासलेला मासा मिळाला तर ते खातील, परंतु बाजारात मासा तपासून मिळत नाही.

त्यांच्यापैकी काही जण आता शिवनाथ सोडून परवानगी घेऊन तांदुळ्याच्या बाजूला जातात. बसचे भाडे आणि एक दिवसाची रजा, एवढा त्याचा खर्च. महमऱ्याच्या बंधाऱ्यावर जाळे टाकणाऱ्या केवटाला तशी सोय नाही. दिवसभराची मासळी विकून उरेल ती त्याच्याच चुलीवर शिजते.