बालनामे, नागपूर-वऱ्हाडातील

वर्धा, वैनगंगा आणि पूर्णा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेल्या, देवगडच्या गोंड राजांचा, नागपूरकर भोसल्यांचा, निजामाचा व त्यानंतर इंग्रजांचा अंमल पाहिलेल्या आणि 1960 पासून महाराष्ट्र राज्यात समाविष्ट असलेल्या मुलखात नवजात अपत्यांस जी नावे ठेवण्याची वहिवाट आहे, त्या नावांचा, त्यांच्या अर्थांचा व ती ठेवण्यामागील प्रयोजनांचा विचार येथे केला आहे. या नावांत संस्कृत, मराठी, गोंडी, हिंदी, फार्सी आणि पाली असे निरनिराळ्या काळांचे थर आढळतात. अर्थाचा नुसता कोश पाहून त्यांचा उलगडा होत नाही. नाव कोणी ठेवले आणि कोणत्या भयाने वा कोणत्या आशेने ठेवले, हे ठाऊक असावे लागते.

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक होय. पारस्करगृह्यसूत्रात पुत्राचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, घोषवर्णाने आरंभ होणारे आणि कन्येचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे असा दंडक घालून दिला आहे. ललिता, सुभद्रा, यमुना ही नावे त्या दंडकात चपखल बसतात. पंचांगानुसार सत्तावीस नक्षत्रांच्या प्रत्येकी चार चरणांस एकेक याप्रमाणे एकशे आठ अक्षरे वाटून दिलेली असून जन्मकाळच्या चरणाचे अक्षर घेऊन जन्मनाव ठरते. मात्र आर्द्रा, हस्त व उत्तराभाद्रपदा या नक्षत्रांच्या वाट्यास ङ, ण, ञ ही अक्षरे आल्यामुळे तेथे जोशीबुवांसही तडजोड करणे भाग पडते. व्यवहारात हे जन्मनाव पत्रिकेतच राहते आणि बाराव्या दिवशी, बारशाला, पाळण्यात ठेविलेले दुसरेच नाव रूढ होते. बारशाच्या दिवशी वरवंट्यास कुंची घालून तो बाळाप्रमाणेच पाळण्याच्या खालून व वरून फिरवितात, मग बाळाच्या शेजारी निजवितात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तिच्या पाठीत जमलेल्या बायकांचे धपाटे बसतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. नाव ठेवण्याचा मान आत्याचा असला, तरी नाव निवडण्याचा अधिकार पुष्कळ घरांत आजोबांचा असे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

या प्रदेशातील नावांचा सर्वांत जुना विश्वसनीय पुरावा महानुभाव वाङ्मयात मिळतो. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे श्रीगोविंदप्रभूंचे स्थान, आणि तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांच्या परिवारातील जी माणसे वावरतात त्यांत महदाइसा, बाइसा, उमाइसा, एल्हाइसा, आउसा अशा स्त्रिया आहेत. ‘आइसा’ हे आदरवाचक शेपूट पुढे लोपले व त्याची जागा ‘बाई’ने घेतली. विठ्ठलभक्तीचा ओघ आल्यावर पुंडलिक, नामदेव, तुकाराम ही नावे आणि कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर याच मुलखात मानले गेल्यामुळे रुखमा व रुखमाबाई ही नावे घरोघर झाली. शेगावचे गजानन महाराज 1910 साली समाधिस्थ झाल्यानंतर गजानन हे गणपतीचे नाव वऱ्हाडात बहुधा त्या सत्पुरुषाच्या स्मरणार्थच ठेवले जाऊ लागले. रत्नवाचक नावांचीही येथे आवड दिसते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे पाळण्यातील नाव माणिक, आणि नागपूरचे कवी ग्रेस यांचेही मूळ नाव माणिकच.

राजघराण्यांत नाव ही एक प्रकारची सनद होती. 1702 मध्ये नागपूर शहर वसविणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह याचे नाव ‘उच्च भाग्याचा’ या अर्थाचे फार्सी आहे व दिल्लीच्या पातशाहीशी जडलेल्या संबंधाची खूण म्हणून ते इतिहासात राहिले. भोसल्यांच्या वंशावळीत रघूजी, जानोजी, मुधोजी हीच नावे पिढ्यान्‌पिढ्या फिरून येतात, आणि दत्तक घेताना तर मुलाचे मूळ नाव बाजूस सारून पूर्वजाचे नाव त्यास देत. बाजीबा हा दत्तविधानाने तिसरा रघूजी झाला. 1853 मध्ये तो निपुत्रिक वारल्यावर संस्थान खालसा झाले, तरी राणीवशाने यशवंतराव यास दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी असे ठेविले. दौलत गेल्यावरही नाव तेवढे राखण्याची ही धडपड आहे.

सामान्य घरांतही नातवास आजोबांचे नाव देण्याची चाल होती, परंतु तीतून एक अडचण उद्भवे. सासऱ्याचे नाव सुनेने उच्चारावयाचे नाही असा दंडक असल्यामुळे पोटच्या मुलास त्याच्या नावाने हाक मारण्याची आईला चोरी होई, आणि म्हणून बापू, बाळू, बंडू, दादा, तात्या अशी दुसरी नावे पडत. कित्येक इसमांच्या बाबतीत हेच घरगुती नाव पुढे शाळेत व सरकारी दप्तरातही कायम झाले. मुलींच्या बाबतीत तर पाळण्यातले नावही आयुष्यभराचे नसे. लग्नात ताटातील तांदळावर अंगठीने नवे नाव लिहिले जाई व माहेरचे नाव माहेरीच राही.

आता भयातून जन्मलेल्या नावांकडे वळू, कारण कारुण्याने भरलेला व वरवर पाहणाऱ्यास चमत्कारिक भासणारा हा प्रकार या मुलखात विपुल आहे. ज्या घरात पाठोपाठ मुले दगावत, त्या घरातील नव्या बाळावर मृत्यूची दृष्टी जाऊ नये म्हणून त्यास जाणूनबुजून हीन, टाकाऊ वा कवडीमोलाचे नाव देत. जन्मताच उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, नाममात्र ठेवून उचललेला तो उकंडा किंवा उकंडराव. सुपात घालून दुसरीच्या हाती देऊन परत मागून घेतलेला तो सुपडू. शेजारणीला कवडी घेऊन ‘विकलेला’ तो कवडू. त्याच जातीची नावे दमडू आणि पैकू. मुलगी आहे असे भासवावे म्हणून ज्याचे नाक टोचले तो नथ्थू. देवापाशी वा दारोदार मागून मिळविलेला तो भिकाजी, फकिराच्या दुव्याने जगलेला तो फकीरा, पिराच्या नवसाचा तो पिराजी. मालोजी भोसले यांनी शाह शरीफ या पिराच्या कृपेने झालेल्या पुत्रांची नावे शहाजी व शरीफजी ठेविली, ही परंपराही त्याच कुळातली. धोंडू व दगडू ही नावे अधिक मासात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेल्या मुलांस देतात हे खरे. तथापि पाळण्यात बाळाशेजारी निजविलेला वरवंटा ज्याने पाहिला आहे, त्याला दगडासारखे टिकून राहा ही त्या नावामागील विनवणीही ऐकू येईल. अशी नावे ज्यांनी ठेविली त्या आईबापांचे प्रेम उणे नव्हते. त्यांची हतबलता मोठी होती.

नकुसा अथवा नकोशी या नावाची गणना मात्र या वर्गात करता येत नाही, कारण त्यात अपत्य वाचविण्याची इच्छा नसून मुलगी झाल्याचा विषाद आहे. सातारा जिल्हा परिषदेने 2011 मध्ये समारंभपूर्वक अशा अडीचशेहून अधिक मुलींची नावे बदलली. त्या मुलींनी आपली नवी नावे स्वतः निवडावी अशी मुभा त्यांस होती, हे विशेष स्तुत्य होय.

नागपूरच्या पूर्वेस व दक्षिणेस, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत, तसेच मेळघाटाच्या रानात, गोंड व इतर आदिवासी कुटुंबांत जन्माचा महिना वा वार हाच नावाचा आधार असे. चैतू, जेठू, भादू, पुसू, फागू ही महिन्यांवरून. सोमा, मंगळू, बुधू, सुकरू ही वारांवरून. ज्या शहराच्या पेठा इतवारी, मंगळवारी, बुधवारी व शुक्रवारी अशा बाजाराच्या वारांनी ओळखल्या जातात, त्या शहराच्या लोकांस अशा नावांचे नवल वाटू नये.

येथवर वर्णिलेल्या नावांत एक भेद पदोपदी दिसतो. एकच मूळ नाव एका घरी गोविंदपंत, दुसऱ्या घरी गोविंदराव आणि गावकुसाबाहेर गोविंद्या असे होई. हा भेद शास्त्रानेही मान्य केलेला होता: मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे असे सांगितले आहे. तान्ह्या जीवास निंद्य नाव द्यावे हे ज्या ग्रंथाने सांगितले, तो ग्रंथ 25 डिसेंबर 1927 रोजी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली जाळण्यात आला.

14 ऑक्टोबर 1956 रोजी, अशोक विजयादशमीस, नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरची निवड करताना येथील प्राचीन नाग लोकांचे व त्यांनी केलेल्या धम्मप्रसाराचे स्मरण आपल्या मनात होते असे स्पष्ट केले. या दीक्षेचा बालनामांवर झालेला परिणाम हा, प्रस्तुत लेखकाच्या मते, या प्रदेशाच्या नामेतिहासातील सर्वांत मोठा पालट होय. कवडू व पैकू यांच्या घरी एका पिढीच्या आत सिद्धार्थ, गौतम, आनंद, राहुल, अशोक, महेंद्र, मिलिंद, नागसेन जन्मास आले. सुजाता, यशोधरा, गौतमी, संघमित्रा, विशाखा, आम्रपाली, प्रज्ञा, करुणा यांनी इंदोरा व पाचपावली येथील वस्त्या गजबजल्या. या नावांची निवड किती विचारपूर्वक झाली हे त्यांच्या चरित्रांवरून कळते. सिद्धार्थ म्हणजे ज्याचे प्रयोजन सफल झाले तो. सुजाता ही बोधीपूर्वी तपस्व्यास खीर देणारी. संघमित्रा ही सिंहलद्वीपास बोधिवृक्षाची शाखा नेणारी अशोककन्या. विशाखा ही श्रावस्तीस संघासाठी विहार बांधून देणारी उपासिका. उपाली हा तर जातीने नापित, आणि बुद्धाच्या पश्चात राजगृहाच्या संगीतीत विनयाचे संगायन करण्याचा मान त्यास मिळाला; मुलाचे नाव उपाली ठेवणाऱ्या बापास या कथेचे मोल निराळे सांगावे लागत नव्हते. मिलिंद म्हणजे मिनांदर हा ग्रीक राजा आणि नागसेन हा त्याच्या प्रश्नांस उत्तरे देणारा भिक्षू, या दोघांची नावे बहुधा जोडीने, सख्ख्या भावांस देत. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या परिसरास बाबासाहेबांनी नागसेनवन म्हटले, तीच जोडी घराघरांत उतरली. भीमराव आणि रमा ही नावे श्रद्धेने ठेविली जात. नंतरच्या पिढीत धम्मदीप, धम्मपाल, संबोधी, तथागत, प्रबुद्ध, पंचशीला अशी तत्त्ववाचक नावे आली, व त्यांत ‘धर्म’ऐवजी ‘धम्म’ असे पाली रूप कटाक्षाने राखले गेले. नामकरणाचा विधीही पालटला: जोशी व नक्षत्र यांची गरज उरली नाही, बुद्ध व बाबासाहेब यांच्या प्रतिमांसमोर त्रिशरण-पंचशील म्हणून नाव जाहीर करावयाचे, एवढे पुरे झाले.

नावांच्या द्वारे एखाद्या समाजाने आपली ओळख परत मिळविल्याचे याच्याशी ताडून पाहण्याजोगे उदाहरण स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क लोकांचे आहे. साबिनो आराना याने ख्रिस्ती संतांच्या नावांची बास्क रूपे सिद्ध केली व ती त्याच्या मृत्यूनंतर 1910 मध्ये प्रसिद्ध झाली. पेद्रोचे केपा आणि हिमवाचक एदुर्ने ही त्यांतीलच. जनरल फ्रँकोच्या राजवटीत अशा नावांची नोंद करण्यास बंदी होती. 1975 मध्ये त्याचा मृत्यू झाल्यावर ती बंदी उठली आणि इकेर, अमाया, इत्झियार ही नावे बास्क मुलामुलींत सर्रास दिसू लागली. नागपुरात सरकारी बंदी कधीच नव्हती. येथे अटकाव गावाचा व रूढीचा होता, तो कोणत्याही राजपत्रात छापलेला नव्हता, आणि म्हणूनच तो झुगारण्यास अधिक धैर्य लागले.

दप्तरी नोंदीचा इतिहास निराळाच आहे. मध्यप्रांतात जन्ममृत्यूची वर्दी गावचा कोतवाल ठाण्यावर देई. त्याच्या पुस्तकात बहुधा ‘पैकू वल्द कवडू, मौजे अमुक, यास मुलगा झाला’ एवढेच असे, बाळाचे नाव नसे, कारण ते तोवर ठेविलेलेच नसे. जातीच्या दाखल्यासाठी आज या पुस्तकांच्या नकला काढणाऱ्यास हा अनुभव हमखास येतो. खरे नाव प्रथम कागदावर येई ते शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि ते लिहिणारे गुरुजी कित्येकदा जन्मतारीख शाळा उघडण्याच्या सुमाराची टाकीत व उकंड्याचा उत्तम करून देत. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमान्वये बाळाचे नाव न घालताही जन्माची नोंद करता येते व नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंबशुल्क भरून दाखल करता येते. महाराष्ट्र शासनाच्या 2024 च्या निर्णयानुसार 1 मे 2024 रोजी अथवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाचे नाव सरकारी कागदपत्रांत प्रथम बालकाचे, मग आईचे, त्यानंतर वडिलांचे व शेवटी आडनाव, या क्रमाने लिहावे लागते.