पोर्शे ९११ : पिढ्या आणि पुनर्विक्रीचे भाव

पोर्शे ९११ : जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या झुफेनहाउझेन या उपनगरात तयार होणारी, मागे इंजिन असलेली स्पोर्ट्स कार. १९६३ साली फ्रँकफुर्टच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली आणि तेव्हापासून एकाच मूळ आराखड्यावर तिच्या आठ पिढ्या निघाल्या. साठ वर्षांहून अधिक काळ विक्रीत खंड न पडल्याने वेगवान मोटारींचे जुने-नवे भाव कसे ठरतात हे पाहण्यास ती सोयीची आहे. प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा वेगवान निघाली; सेकंडहँड बाजारातले भाव मात्र त्या क्रमाने लागलेले नाहीत. पुढच्या पिढीने सोडून दिलेली गोष्ट जिच्यात शेवटची मिळते, त्या गाडीला चढा भाव येतो, असे ढोबळ सूत्र दिसते.

आरंभीच्या पिढ्या : फर्डिनांड अलेक्झांडर पोर्शे यांनी रेखाटलेली ही गाडी मुळात ९०१ या क्रमांकाने दाखवली गेली. मध्ये शून्य असलेल्या तीन अंकी क्रमांकांवर फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने हक्क सांगितल्यामुळे १९६४ मध्ये तिचे ९११ झाले. सहा सिलिंडर समोरासमोर आडवे बसवलेले, हवेने थंड होणारे २ लिटरचे इंजिन १३० अश्वशक्ती देई. ते मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने वजनाचा भार शेपटीकडे पडे आणि वळणात अचानक ॲक्सिलरेटर सोडला तर गाडीची मागची बाजू बाहेर फेकली जाई. यावर उपाय म्हणून १९६९ च्या मॉडेलात दोन्ही ॲक्सलमधले अंतर ५७ मिमी वाढवले गेले.

या पहिल्या पिढीतील १९७३ ची कॅरेरा आरएस २.७ ही संग्राहकांची लाडकी गाडी. शर्यतीच्या नियमांनुसार रस्त्यावर चालणाऱ्या ५०० गाड्या विकणे भाग होते. मागणी इतकी आली की १,५८० बनल्या. २१० अश्वशक्ती, मागच्या झाकणावर बदकाच्या शेपटीसारखा उंचावलेला पंख आणि ३४,००० मार्क किंमत अशी ती होती. आज तिचे व्यवहार लाखो युरोंत होतात.

१९७३ च्या उत्तरार्धात आलेल्या जी मालिकेला अमेरिकी नियमांमुळे धक्का सोसणारे जाड बंपर मिळाले. १९७४ मध्ये पॅरिसला मांडलेली ९११ टर्बो (अंतर्गत क्रमांक ९३०) ३ लिटर आणि २६० अश्वशक्तीची होती. १९७६ च्या मॉडेलपासून संपूर्ण सांगाड्याला जस्ताचा लेप मिळू लागला. त्याआधीच्या गाड्यांचा पत्रा गंजतो, म्हणून आजही गिऱ्हाईक प्रथम तळ आणि दारांखालच्या पट्ट्या ठोकून पाहते. ९११ बंद करून १९७७ मध्ये आलेल्या ९२८ या मॉडेलला पुढे आणण्याचा कंपनीचा विचार होता. १९८१ मध्ये मुख्याधिकारी झालेल्या पीटर शूट्झ यांनी विकासप्रमुख हेल्मुट बॉट यांच्या कार्यालयातील तक्त्यावर ९११ ची थांबलेली रेघ पुढे ओढली आणि तिचे उत्पादन चालू राहिले. जी मालिका १९८९ पर्यंत टिकली. तिच्या सुमारे १,९८,५०० गाड्या निघाल्या.

हवेकडून पाण्याकडे : यापुढची पिढी ९६४ (१९८८–१९९४) बाहेरून जुन्यासारखी, पण आतून बहुतांशी नवी होती. ३.६ लिटरचे २५० अश्वशक्तीचे इंजिन, पॉवर स्टिअरिंग, एबीएस आणि कॅरेरा ४ मध्ये चारही चाकांना गती, असे बदल झाले. ९९३ (१९९३–१९९८) मध्ये मागचे सस्पेन्शन नव्याने आखले गेल्याने वळणातला जुना स्वभाव बराच सुधारला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची ती शेवटची पिढी. ध्वनी आणि धूर यांचे कडक होत चाललेले नियम पाळणे या इंजिनाला जड जात होते.

९९६ (१९९७–२००५) मध्ये पाण्याने थंड होणारे ३.४ लिटरचे ३०० अश्वशक्तीचे इंजिन आले. खर्च वाचवण्यासाठी पुढचा भाग स्वस्त बॉक्स्टर मॉडेलबरोबर वाटून घेतला गेला आणि गोल दिव्यांऐवजी ओघळल्यासारखे दिसणारे दिवे लागले. ९९७ (२००४–२०१२) ने गोल दिवे परत आणले. ९९१ (२०११–२०१९) मध्ये दोन ॲक्सलमधले अंतर १०० मिमी वाढले, स्टिअरिंग विजेवर गेले आणि २०१५ नंतर साध्या कॅरेरालाही टर्बो बसला. ९९२ ही २०१८ अखेर सादर झाली. २०२४ मध्ये तिच्या जीटीएस आवृत्तीला विजेच्या मोटरची जोड मिळाली.

भावांची उतरंड : हवेने थंड होणाऱ्या गाड्या एके काळी जुनाट म्हणून स्वस्तात जात. २०१० नंतरच्या काही वर्षांत त्यांचे भाव झपाट्याने चढले. ९९३ च्या सुमारे ६९ हजार गाड्या निघाल्या, तर ९९६ च्या पावणेदोन लाख. साहजिकच शेवटच्या ‘एअर-कूल्ड’ पिढीची साधी कॅरेरा नंतरच्या, अधिक ताकदवान ९९६ कॅरेराच्या दुपटीहून अधिक भावाने विकली जाते. ९६४ ला आणखी एक हातभार लागला. कॅलिफोर्नियातील सिंगर या संस्थेने ९६४ चे सांगाडे घेऊन त्यांचे महागडे पुनर्निर्माण सुरू केले आणि त्या पिढीकडे नव्याने लक्ष गेले. ९९३ जीटी२ सारखी दुर्मीळ आवृत्ती २०१६ मध्ये लंडनच्या लिलावात १८ लाख पौंडांवर गेली.

९९६ सर्वांत स्वस्त राहण्यास दिव्यांइतकेच इंजिनही कारणीभूत आहे. त्यातील मधल्या शाफ्टचे (आयएमएस) बेअरिंग झिजून तुटल्यास धातूचे कण तेलातून सर्वत्र पसरतात आणि इंजिन निकामी होते. गिअरबॉक्स खाली उतरवल्यावर ते बदलता येत असल्याने जाणकार मालक क्लच बदलतानाच हे काम उरकतात आणि विकताना त्याचे बिल दाखवतात. सुरुवातीच्या ९९७ मध्ये मोठे बेअरिंग आले, पण ते इंजिन पूर्ण उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ च्या मॉडेलपासून नव्या इंजिनात हा शाफ्टच राहिला नाही. म्हणून ९९७ ची उत्तरार्धातील गाडी पूर्वार्धातीलपेक्षा वरच्या भावात जाते. त्याच ९९६ पिढीतील टर्बो आणि जीटी३ यांना मात्र पोर्शेचे अभियंते हान्स मेट्झगर यांच्या शर्यतीच्या परंपरेतले इंजिन होते. त्यांत हा दोष नसल्याने त्यांचे भाव वेगळ्याच पातळीवर आहेत. या इंजिनाच्या अखेरच्या आवृत्त्यांपैकी २०११ ची जीटी३ आरएस ४.० फक्त ६०० निघाली आणि मूळ किमतीच्या खूप वर गेली.

गिअर आणि सट्टा : ९९१ ची पहिली जीटी३ केवळ पीडीके या स्वयंचलित गिअरबॉक्ससह मिळे. हाताने गिअर बदलण्याची हौस असलेला वर्ग त्यामुळे नाराज होता. २०१६ मध्ये ५०० अश्वशक्तीची, मॅन्युअल गिअरबॉक्सची ९११ आर आली. तिच्या ९९१ गाड्या हातोहात संपल्या आणि फेरविक्रीत मूळ किमतीच्या कित्येक पट रकमा मागितल्या गेल्या. २०१७ मध्ये सुधारित जीटी३ ला मॅन्युअल गिअरबॉक्स मिळू लागताच त्या रकमा खाली आल्या. पुढे २०२३ च्या ९११ एस/टी च्या १,९६३ गाड्या काढताना अमेरिकेत पहिले वर्ष गाडी भाडेकरारावरच देण्याची अट कंपनीने घातली, ती ताबडतोब होणारी फेरविक्री रोखण्यासाठी. २०२०–२२ च्या चिप-टंचाईत नव्या गाड्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा वापरलेल्या गाड्यांचे भावही वर गेले आणि पुरवठा सुरळीत होताच नरमले.

प्रत्यक्ष तपासणी : एकाच पिढीतल्या दोन गाड्यांच्या भावातही मोठा फरक पडतो. इंजिन व चासी यांचे क्रमांक मूळ नोंदींशी जुळणे, सर्व्हिसचे सलग दाखले, मूळ रंग आणि कमी मालक या गोष्टी भाव वाढवतात. रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र प्रत्येक पत्र्यावर टेकवले जाते. एका दाराचा आकडा इतरांच्या दुप्पट आला, की अपघात वा पुन्हा मारलेला रंग उघड होतो. पाण्याने थंड होणाऱ्या सुरुवातीच्या इंजिनांत सिलिंडरच्या भिंतीवर ओरखडे पडतात, म्हणून प्लगच्या छिद्रातून बारीक कॅमेरा आत सोडतात. ९९७ पासून इंजिनाचा संगणक मर्यादेबाहेरच्या फेऱ्यांची सहा पायऱ्यांत नोंद ठेवतो. मॅन्युअल गाडीत पाचव्या गिअरमधून चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर ती चूक वरच्या पायऱ्यांत कायमची उमटते. नंतर कितीही पॉलिश केले तरी हा दाखला पुसला जात नाही.

तुलनेचा निष्कर्ष : १९६४ ची ९११ सुमारे १,०८० किलो वजनाची आणि ताशी २१० किमी वेगाची होती, तर सुरुवातीची ९९२ कॅरेरा सुमारे दीड टनाची, ३८५ अश्वशक्तीची होती. रोजच्या वापराला, सुरक्षिततेला आणि वेगाला नवी गाडी निर्विवाद सरस असली, तरी साध्या कॅरेराचा घसारा पहिल्या काही वर्षांत इतर गाड्यांप्रमाणेच होतो. जीटी आणि आरएस आवृत्त्या त्याला बऱ्याच अंशी अपवाद ठरतात. ९९२ च्या सुधारित मालिकेत मॅन्युअल गिअर फक्त काही मॉडेलांपुरता उरला आहे आणि विजेची जोड सुरू झाली आहे. आतापर्यंतचा क्रम पाहता, या बदलांच्या आधीच्या मॅन्युअल, विजेविना चालणाऱ्या गाड्या पुढील खरेदीदार अधिक बारकाईने शोधतील, असा अंदाज बांधता येतो.