सायकल खांद्यावर घेणाऱ्यांची शर्यत

#थ्रेड #इतिहास

१/ सायकलस्वाराने सायकल खांद्यावर घेतली, म्हणजे काहीतरी बिघडले असे आपण सहज समजतो. चाक पंक्चर झाले असावे, साखळी तुटली असावी किंवा चढ झेपला नसावा. मात्र सायकलींच्या एका शर्यतीत उतरणे, उचलणे आणि धावणे हाच खेळाचा गाभा मानला जातो. तिचे नाव सायक्लोक्रॉस. तिचा उगम विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील फ्रान्समध्ये आहे.

२/ या उगमाच्या दोन कथा सांगितल्या जातात. पहिलीनुसार, हिवाळ्यात रस्त्यावरील शर्यती थांबल्या की सायकलस्वार पुढच्या गावापर्यंत शेतांतून, कुंपणांवरून आणि ओढ्यांतून आडवाटेने पैज लावून जात. खुणेसाठी गावातील चर्चचा मनोरा पुरेसा असे. घोड्यांच्या ‘स्टीपलचेस’ शर्यतीचा जन्मही अशाच मनोऱ्याच्या रोखाने झाला होता.

३/ दुसऱ्या कथेचा नायक दानिएल गूसो हा फ्रेंच सैनिक आहे. त्याचा अधिकारी घोड्यावरून रानातून रपेट करी आणि गूसो सायकलवरून त्याला साथ देई. या धडपडीची गोडी लागल्यावर त्याने मित्रांनाही बोलावले, असे म्हणतात. कथेतील तपशील परंपरेने आले आहेत. परंतु १९०२ मध्ये फ्रान्सची पहिली राष्ट्रीय सायक्लोक्रॉस स्पर्धा झाली आणि तिच्या आयोजनाचे श्रेय गूसोला दिले जाते.

४/ सैन्याचा हा संदर्भ योगायोगाचा नव्हे. १८९० च्या दशकात फ्रेंच सैन्यातील कॅप्टन जेरार यांच्या नावाने ओळखली जाणारी घडीची सायकल आली. वाट संपली की सैनिकाने ती दुमडून पाठीवर घ्यावी आणि पायी पुढे जावे, ही त्यामागील कल्पना. जिथे घोडा पोहोचतो तिथे सायकलस्वारानेही पोहोचावे, मग सायकल त्याला वाहो वा तो सायकलला, असा विचार सैन्यात आधीच रुजला होता.

५/ १९०२ च्या त्या स्पर्धेत उतरणाऱ्यांची परिस्थिती ध्यानात घेण्यासारखी आहे. अशी राष्ट्रीय स्पर्धा पूर्वी झालेलीच नव्हती. त्या अर्थाने तेथे प्रत्येक जण नवखा होता. गिअर बदलण्याची सोय आजच्यासारखी नव्हती. चिखलात चाक रुतले की पायडल मारत राहावे की उतरून धावावे, याचा निर्णय क्षणार्धात घ्यावा लागे. या खेळाचे मूळ कौशल्य त्या निर्णयातच आहे.

६/ रस्त्यावरील शर्यतींना या कौशल्याची गरज लवकरच भासली. १९१० मध्ये ‘तूर द फ्रान्स’ प्रथमच पिरेनीज पर्वतातील उंच खिंडींमधून गेली. तेथे डांबरी रस्ते नव्हते, दगडमातीच्या वाटा होत्या. तूर्माले खिंडीच्या चढावर ऑक्ताव्ह लापीझ सायकलवरून उतरून चालला. पायउतार न होता तो चढ पार केला ग्युस्ताव्ह गारिगूने. तरीही त्या वर्षीची तूर जिंकली ती लापीझने.

७/ वैतागलेल्या लापीझने त्या टप्प्यात आयोजकांना मारेकरी म्हटले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या मानाने दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. हिवाळ्यात केलेल्या सायक्लोक्रॉसमुळे आपल्याला बळ मिळाले, असे श्रेय तो या खेळाला देत असे. तूरच्या विजेत्याचे नाव जोडले गेल्याने आडवाटेच्या या शर्यतीला प्रतिष्ठा लाभली. बेल्जियमने १९१० मध्ये आणि स्वित्झर्लंडने १९१२ मध्ये स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली.

८/ मात्र या खेळाची खरी कसोटी १९१३ च्या तूरमध्ये दिसली. युजेन क्रिस्तॉफ हा १९०९ पासून सलग फ्रान्सचा सायक्लोक्रॉस विजेता होता. बायोन ते ल्यूशाँ या टप्प्यात तो एकूण विजयाच्या वाटेवर होता. तूर्मालेच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. त्या काळच्या नियमानुसार दुरुस्ती स्वतःच करणे बंधनकारक होते. सायकल बदलून मिळणार नव्हती.

९/ क्रिस्तॉफने सायकल खांद्यावर टाकली, पुढचे चाक हातात घेतले आणि दहा किलोमीटरहून अधिक अंतर पायी उतरून सेंत-मारी-द-कांपां हे गाव गाठले. लोहारशाळेत त्याने स्वतः लोखंड तापवून फोर्क सांधला. तो मूळचा कुलपे बनवणारा कारागीर होता, ते हात येथे कामी आले. भाता ओढायला एका मुलाने मदत केली, म्हणून पंचांनी त्याला दहा मिनिटांचा दंड केला. नंतर तो तीन मिनिटांवर आणला गेला.

१०/ तूर त्याच्या हातून गेली. विजेता ठरला फिलिप थिस. क्रिस्तॉफला पुढेही तूर कधी जिंकता आली नाही. मात्र सायकल वाहत शर्यतीत टिकून राहण्याचा त्याचा प्रसंग अनेक विजेत्यांच्या कामगिरीपेक्षा अधिक काळ सांगितला गेला. हिवाळ्यामागून हिवाळे चिखलात ज्याने सायकल खांद्यावर घेतली होती, त्याला त्या उतारावर शर्यत सोडण्याचे कारण दिसले नाही.

११/ पहिली जागतिक सायक्लोक्रॉस स्पर्धा १९५० मध्ये पॅरिसला झाली. ती १९४७ च्या तूरचा विजेता जाँ रोबिक याने जिंकली. स्त्रियांसाठी जागतिक स्पर्धा सुरू व्हायला मात्र २००० साल उजाडावे लागले. पहिली विजेती जर्मनीची हांका कुप्फरनागेल. ज्या खेळात पायउतार होणे कमीपणाचे नव्हते, त्यानेही निम्म्या खेळाडूंना अर्धे शतक दाराबाहेर ठेवले.

१२/ आज नियम बरेच बदलले आहेत. टायरची रुंदी ३३ मिलीमीटरपर्यंत आणि वाटेतील फळ्यांची उंची ४० सेंटीमीटरपर्यंत मर्यादित आहे. चिखलाने माखलेली सायकल ठरलेल्या जागी बदलून घेता येते. मदतनीस दुसरी धुऊन तयार ठेवतात. भात्याच्या दंडापासून हा खेळ इतका दूर आला आहे.

१३/ तरीही पहिल्यांदा या शर्यतीत उतरणाऱ्याला आधी शिकावे लागते ते हेच : चालत्या सायकलवरून उतरणे, वरच्या दांडीखाली खांदा घालणे, चढ धावत चढणे आणि वेग न मोडता पुन्हा टांग मारणे. खांद्याला बोचू नये म्हणून या सायकलींच्या ब्रेकच्या तारा दांडीच्या वरच्या अंगाने नेण्याची पद्धत पडली. सायकल कधीतरी उचलावी लागणार, हे येथे ती घडवतानाच गृहीत धरलेले असते.