चटणीतला जवस आणि वाड्याचा खांब

आजचा भाग रंगाचा, पण सुरुवात चटणीपासून. जवसाची चटणी आपल्या विदर्भात घरोघरी असते. त्याच जवसाचं तेल उकळलं की रंगाच्या दुकानात ते बेलतेल होतं. जुन्या ऑइलपेंटचा जीव म्हणजे हे तेल. ते पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. (म्हणूनच तेलाने माखलेल्या चिंध्यांचा ढीग करून ठेवू नका, आपोआप तापून पेट घेतो.)

१८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. कापसाची गोष्ट सगळेच सांगतात. पण आपल्या भागातला जवसही मुंबई बंदरातून युरोपला जायचा. इंग्लंडात हलसारख्या बंदरात तेलबिया गाळायच्या मोठ्या गिरण्या होत्या. जवसाच्या तेलात शिशाचा सफेता घोटून तिकडच्या घरांच्या बाहेरच्या फळ्या रंगवत. म्हणजे बी आपलं, घरं त्यांची!

आणि आपली घरं? महालातला भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकडाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला. साध्या वाड्यांच्या सागवानाला मात्र आगीपेक्षा पाण्याने जास्त खाल्लं. आमच्याही.

चार वर्षांपूर्वी मी मोठ्या हौसेने आमच्या वाड्याचा दर्शनी भाग रंगवला. मे महिना, पंचेचाळीस अंशांचं ऊन, हातात मिळेल तो ब्रश. जुन्या थरावरच चकचकीत इनॅमलचे दोन जाड हात मारले. फोटोला लाईक्स भरपूर. दोन पावसाळ्यांनी पापुद्रे सुटले. खांबाच्या बुडाशी अंगठा दाबला तर सरळ आत गेला! बुडाच्या सांध्यातून पाणी शिरत होतं आणि माझा जाड रंग ते बाहेर पडू देत नव्हता.

“काहून घाई केली भाऊ?” आमचे रंगारी मिस्त्री एवढंच म्हणाले. मग शिकवलं. ऑइलपेंटला डुकराच्या केसांचा ब्रश, कारण त्या केसांची टोकं फाटलेली असतात, रंग धरून ठेवतात. पाण्याच्या रंगात तेच केस फुगून लुळे पडतात, तिथे नायलॉन. फळीला तीन इंची, नक्षीला एक इंची. भर उन्हात ब्रश लावायचाच नाही, वरचा थर आधी सुकतो आणि फोड येतात. पाऊस संपल्यावर लाकूड पुरतं वाळू द्यायचं. पहिला हात पातळ, रेषांच्या दिशेनेच. फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, तिथे एक हात जास्त. जुना रंग कोरडा घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. पाणी लावून घासायचं, तोंडाला मास्क, आणि पोरं लांब.

खांबाचं कुजलेलं बूड कापून मिस्त्रींनी नव्या सागवानाचा तुकडा सांधला. काकांचं म्हणणं वेगळं आहे: सगळं पाडा, फ्लॅट बांधा. आजी म्हणते, आधी खांब रंगवून होऊ दे, मग बोलू. काकांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली आहे. मी हे रेकॉर्ड करतोय तेव्हा सांध्यावरचा तिसरा हात वाळतोय.