हवेच्या वाटेतील बदल : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील टर्बो मोटारींचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

मोटारीच्या इतिहासात इंजिन आणि इंधन यांचा विचार पुष्कळ झाला. इंजिन जी हवा आत घेते तिच्या वाटेचा विचार मात्र क्वचितच झालेला दिसतो. वस्तुतः एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी १४ किलोहून अधिक हवा लागते. इंधन कितीही ओतले तरी हवा पुरेशी नसेल तर त्याचा धूरच होतो. प्रस्तुत लेखात ही हवेची वाट पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यात कशी बदलत गेली आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला, याचा वेध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

या अभ्यासासाठी सांगवी हे मोक्याचे ठिकाण आहे. मुळा आणि पवना या नद्यांच्या मध्ये वसलेल्या या गावासमोर, पवनेपलीकडे दापोडीला एस.टी. महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. उत्तरेस पिंपरी-चिंचवडचे कारखाने आणि त्यांच्याही पुढे चाकण. दक्षिणेस, पुण्याच्या वेताळ टेकडीवर, १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे ए.आर.ए.आय. वाहन बनविणारे, दुरुस्त करणारे आणि त्याची चाचणी घेणारे असे तिघेही या गावाच्या शेजारी आहेत.

तेलाच्या भांड्यापासून टर्बोपर्यंत

जुन्या बस व मालमोटारींच्या इंजिनावर ‘ऑइल बाथ’ एअर क्लीनर असे. आत येणारी हवा तेलाच्या भांड्यावरून वळविली जाई. जड धूळ तेलात बसे आणि उरलेली तारेच्या जाळीत अडके. तेल किती दिवसांनी बदलायचे हे गाडीचा रस्ता पाहून मेकॅनिक ठरवीत असे. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला वेगळा हिशेब, पावसाळ्यात वेगळा. या काळी हवेच्या वाटेवरचा अधिकार बव्हंशी त्याच्याच हातात होता. पुढे कागदी फिल्टर आले आणि साफ करण्याऐवजी बदलण्याची रीत रुळली.

टर्बोचार्जरची कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवायचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची, असे तिचे स्वरूप. १९२०च्या दशकाच्या मध्यास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांवर ती यशस्वी झाली. १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. मोटारीत मात्र ती यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉरव्हेअर या गाड्या टर्बोसह विक्रीस आल्या.

या पट्ट्यात टर्बो मोटारीचे युग आणले ते टेल्कोने. १९९१च्या सिएरा गाडीतील १९४८ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन टर्बोविना ७० अश्वशक्तीच्या आतच राहिले होते. १९९८च्या सफारीत त्याच क्षमतेच्या इंजिनाला टर्बो मिळाला आणि शक्ती ९०च्या आसपास पोचली. इंडिका आणि २००२ ची इंडिगो यांच्या १४०५ घनसेंटिमीटरच्या डिझेल इंजिनांतही असाच फरक दिसतो. चाकण येथे फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तेथील पोलो गाडीच्या १.२ लिटर टर्बोविना पेट्रोल इंजिनाची शक्ती ७५ अश्वशक्ती, तर २०१३च्या जी.टी. टी.एस.आय. आवृत्तीची, टर्बोसह, १०५. इंजिनाचा आकार साधारण तोच ठेवून शक्ती वाढवायची असेल तर हवेची वाट बदलावी लागते, हा धडा कारखान्याने स्वतःच ग्राहकाला दिला होता.

गल्लीतील प्रयोग

हाच धडा तरुण मालकांनी पुढे नेला. मूळ फिल्टरची पेटी काढून उघडा शंकूच्या आकाराचा, म्हणजे ‘कोन’ फिल्टर बसविणे, रुंद नळी टाकणे, मोठा इंटरकूलर लावणे हे या प्रयोगांचे ठरलेले टप्पे होत. टर्बो गाडीत यामागे थोडे शास्त्र निश्चित आहे. फिल्टर कॉम्प्रेसरच्या आधी असतो. तेथे हवा अडली तर तोच अंतिम दाब निर्माण करण्यासाठी कॉम्प्रेसरला अधिक वेगाने फिरावे लागते. परंतु आधुनिक गाडीत किती दाब भरायचा हे संगणक ठरवितो. फिल्टर मोकळा केला तरी तो ठरविलेला दाबच राखतो, म्हणून केवळ फिल्टर बदलून मिळणारी शक्ती अत्यल्प असते. जे ठळकपणे वाढते ते कॉम्प्रेसरचा शीळ घातल्यासारखा आवाज. पुष्कळांना हवा असतो तोही आवाजच, हे येथे नमूद करावयास हवे.

तोटे मात्र खरे आहेत. मूळ पेटी बाहेरची थंड हवा घेते. उघडा फिल्टर बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. गरम हवा विरळ असते आणि पेट्रोल इंजिनात ती ठोके देण्याची प्रवृत्ती वाढविते. फिल्टर बारीक धूळ सोडू लागला तर वेगाने फिरणाऱ्या कॉम्प्रेसरची पाती झिजतात आणि त्यानंतर पिस्टनच्या रिंगा. बांधकामे आणि मालवाहतूक सतत चालू असलेल्या या पट्ट्यात हा धोका लहान नाही. जुना मेकॅनिक तेलाच्या भांड्यात साचलेला गाळ पाहून जे ओळखत असे, ते येथे इंजिन तेल पिऊ लागल्यावर कळते.

संगणक आणि कायदा

हवेचे मोजमाप संगणकाकडे गेल्यावर अधिकारही तिकडे गेला. हा अधिकार कारखान्यानेही कसा वापरला, हे २०१५च्या फोक्सवॅगन प्रकरणाने दाखवून दिले. चाचणीच्या वेळी उत्सर्जन कमी आणि रस्त्यावर जास्त, अशी आज्ञावली ई.ए. १८९ डिझेल इंजिनांत आढळली. भारतात ए.आर.ए.आय.च्या चाचण्यांनंतर डिसेंबर २०१५ मध्ये ३,२३,७०० गाड्या परत बोलावण्याची घोषणा झाली. विशेष म्हणजे युरोपातील १.६ लिटर इंजिनांसाठी जो उपाय मान्य झाला, त्यात नव्या आज्ञावलीसोबत हवा मोजणाऱ्या संवेदकाच्या पुढे प्लॅस्टिकची एक जाळीदार नळी बसवायची होती, जेणेकरून हवेचा प्रवाह सरळ व्हावा. म्हणजे हवेच्या वाटेतील बदल गल्लीत झाला तर गुन्हा ठरू शकतो आणि कारखान्याच्या शिफारशीने झाला तर दुरुस्ती ठरते. भाग दोन्हीकडे प्लॅस्टिकचाच. भेद आहे तो चाचणीच्या दाखल्याचा, आणि तो दाखलाही २०१५ मध्ये अपुरा ठरला होता.

१९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता घेऊन वाहनात बदल करता येत असे. २००० च्या दुरुस्तीने उत्पादकाने मूळ दिलेला तपशील हीच मर्यादा ठरविली. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हीच भूमिका उचलून धरली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली.

आर.सी. पुस्तकात इंजिनाची क्षमता, इंधन, आसने यांची नोंद असते. एअर फिल्टरची नसते. त्यामुळे नुसता फिल्टर बदलणे नेमके कोठे बसते, याचा अर्थ ज्याच्या त्याच्या परीने लावला जातो आणि त्या अनिश्चिततेचा भार गॅरेजमधील कारागिरावर व मालकावर पडतो. याउलट सी.एन.जी.साठी कायद्याने वाट मोकळी ठेवली आहे. जुन्या पद्धतीच्या सी.एन.जी. संचात वायू मिसळणारे कडे हवेच्या नळीतच बसविले जात असे. त्याची नोंद आर.टी.ओ.त होई आणि आर.सी. पुस्तकातील इंधनाचा रकाना बदलून मिळे.